पोचला का?

सौंसरच्या बस स्टँडवर नलिनीबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. त्यामागे त्यांचं काही थोर कर्तृत्व होतं असं नाही. लोक त्यांच्या हातातली निळी कापडी पिशवी ओळखत. नागपूरची सकाळची गाडी लागली की बाई यायच्या, पिशवी कंडक्टर कवडूच्या हातात द्यायच्या आणि रोज तेच सांगायच्या, "आडवी नको ठेवू बाबा, रस्सा आहे." कवडू ती ड्रायव्हरच्या मागच्या खुंटीला अडकवायचा. नागपुरात छावणीच्या चौकात गाडी थांबली की तिथे डबा घ्यायला माणूस उभा असायचा.

आमच्या या भागात ही रीत जुनी आहे. पोरगं शिकायला नागपूरला गेलं की त्याच्या मागोमाग घरचा डबा निघतो. शिक्षण संपलं की डबाही संपतो. नलिनीबाईंचा संपला नाही. पंकज कॉलेजात असताना सुरू झालेला डबा त्याला नोकरी लागल्यावर कॉलेजाऐवजी ऑफिसात जाऊ लागला, आणि त्याचं लग्न झाल्यावरही जातच राहिला. सून केतकी बँकेत होती. नवी नवी असताना तिने एकदा म्हणून पाहिलं, "आई, आता तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" बाई म्हणाल्या, "मले कायचा त्रास?" सुनेने पुन्हा तो विषय काढला नाही. बाईंनी चार जणींना सांगितलं की पोरगी समजूतदार मिळाली.

दुपारी त्यांचा फोन जायचा. "पोचला का?" तिकडून उत्तर यायचं, "पोचला." पुढे बहुधा "आई, मीटिंगमध्ये आहे," आणि फोन बंद. तेवढा एक शब्द कानावर पडला की बाई स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. शेजारणींच्या पोरी आयांशी तासतासभर बोलायच्या, आणि आपल्या बाईंचा संसार एका शब्दावर चालला होता. पण त्यांना तो पुरत होता, त्याला आपण काय करणार?

एकदा मात्र पंकजने आपण होऊन फोन केला होता. "आई, भाजीत मीठ जरा कमी टाकत जा. तेलही कमी." बाईंचा जीव आनंदाने भरून आला. पोरगं मन लावून खातं, म्हणून तर सांगतं. त्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघरातलं मीठ आटलं. वांग्याची भाजी असो, पाटवडी असो, गोळाभात असो, सगळं पंकजच्या मापाने. नवरा विजयराव, निवृत्त मास्तर, जिभेचे लाड करणारा माणूस. ते ताटावर बसून कुरकुरायचे.

"पथ्य पोराले अन् अळणी मी खाऊन राहिलो. हा कुठला न्याय व्हय?"

"एका घरात दोन भाज्या होत नसतात," बाई म्हणायच्या. "अन् वरून कच्चं मीठ घ्याचं नाही. तब्येतीले वाईट असते ते."

मास्तर गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आजारात तोंडाला चव नव्हती, तेव्हा एकदा म्हणाले होते, "आज वरणात मीठ टाक वं, मनासारखं." बाईंनी टाकलं, पण सवयीने हात आखडलाच. मास्तरांनी दोन घास घेतले आणि वाटी सरकवून दिली. ही गोष्ट बाई कुणाला सांगत नसत, पण विसरल्याही नव्हत्या.

मास्तर गेल्यावर त्या घरात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे सकाळचा डबा. आणि तेच काम नागपूरच्या साहेबलोकांच्या डोळ्यांवर आलं. म्हणजे त्यांना काही नलिनीबाई ठाऊक नव्हत्या. त्यांना फक्त गर्दी दिसत होती. शहरात गर्दी होते, तर बाहेरगावच्या खाजगी गाड्या आत कशाला, असा प्रश्न कुणाला तरी गार खोलीत पडला आणि हुकूम निघाला. गाड्यांनी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, पुलाखाली थांबायचं, माणसं तिथेच उतरवायची आणि तिथूनच परतायचं. दवाखान्यात निघालेला म्हातारा, परीक्षेला निघालेली पोरगी, सगळे पुलाखाली. पुढे शहर बस आहे ना, असं वर सांगितलं. शहर बसचे मार्ग आणि वेळाही त्याच महिन्यात बदलल्या होत्या, हे सांगायला मात्र कुणी उरलं नाही. गर्दी म्हणजे नेहमी दुसरीच माणसं असतात, हे शहराइतकं कुणालाच कळत नाही.

कवडूने पिशवी घेतली नाही तेव्हा बाईंना आधी ती थट्टाच वाटली.

"नाही काकू, खरंच. गाडी छावणीले जातच नाही आता. पुलाखाली कोणाजवळ देऊ डबा? कुत्रे खातीन."

बाईंनी तिथूनच पंकजला फोन लावला. बाहेरच्या थांब्यावर येऊन नेशील का, विचारलं. पंकज म्हणाला, "आई, एवढ्या लांब रोज कसं जमणार? राहू दे आता." आवाज हलका होता, अगदी मोकळा. बाईंना वाटलं, पोरगं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून उसनं हसतंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मात्र बाईंनी पदर खोचला. गाडीमालक भूपेंद्रच्या दारात त्या सकाळी जाऊन बसल्या. तो म्हणाला, "काकू, माह्याच धंद्यावर पाय पडला, मी काय करू?" बाई म्हणाल्या, "अर्ज कर." त्याने केला, आणि बाई तो घेऊन स्टँडवर उभ्या राहिल्या. मोहगावच्या, बोरगावच्या प्रवाशांच्या सह्या घेतल्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे घेतले. जन्मात कुणापुढे आवाज न चढवलेली बाई, पण सही न करणाऱ्याला म्हणायची, "तुह्या घरचं कोणी नागपुराले नाही का?" लोक हसायचे आणि सही करायचे. भूपेंद्र तो अर्ज घेऊन नागपूरला गेला. पण सरकारी काम ते, उत्तर काही येईना. तोवर पोरगं काय खात असेल, या विचाराने बाईंना घास जाईना. शेवटी त्यांनी डबा भरला आणि स्वतःच गाडीत बसल्या.

पुलाखाली उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून त्या शहर बसकडे वळल्या. पूर्वी ज्या नंबरची बस छावणीवरून जायची तिच्यात बसल्या. ती आता छावणीला जात नाही, हे तिकीट फाडणाऱ्याने तिकीट फाडल्यावर सांगितलं. तिने त्यांना भलत्याच टोकाला नेऊन सोडलं. तिथून दुसरी बस, मग पायपीट. एका पोलिसाने रस्ता सांगितला आणि वर "घरच्या कुणाला सोबत आणायचं ना आजी," असंही सुनावलं. पंकजच्या ऑफिसच्या इमारतीपाशी पोचल्या तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. रस्सा पिशवीत सांडला होता.

फाटकाशी चौकीदार बसला होता, साठीचा, अंगावर खाकी सदरा. त्याने निळी पिशवी पाहिली आणि खुर्चीवरून उठलाच.

"माय, तुमी पंकज साहेबाच्या आई का?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"थैलीवरून. मीच जात होतो ना छावणीले डबा आणाले." त्याने त्यांना आपली खुर्ची दिली, पाणी दिलं. "मी गुणवंता. आपल्या तिकडलाच, तिगावचा. माय, खोटं नाही सांगत, तुमच्या हातच्या भाजीनं मी जगून राहिलो. बायको गेली तवापासून घरी कोण रांधते? दोन-तीन हप्ते झाले, डबा आला नाही, तं भाकरीसोबत मिरची खाऊन राहिलो."

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "रोज तुम्हीच खाता?"

"रोजच. साहेबानं पयलेच सांगतलं होतं, आणत जा अन् खात जा." गुणवंताला अजून काही कळलं नव्हतं. तो कौतुकाने बोलत होता. "मले बीपी आहे, माय. मी साहेबाले भीत भीत म्हटलं, आईले सांगा मीठ थोडं कमी टाकाले. दुसऱ्याच दिवशी कमी झालं. एवढं कोण करते कोणासाठी?"

पाच-सहा वर्षं त्या घरात एक माणूस मिठासाठी कुरकुरत राहिला होता, आणि बाई त्याला पोराचं पथ्य सांगत राहिल्या होत्या. पोराला मिठाशी काही देणंघेणं नव्हतं. तिगावच्या या अनोळखी माणसाचं पथ्य मास्तरांनी मरेपर्यंत पाळलं होतं. बाईंना एवढा राग आला की त्यांना तो कुणावर काढावा कळेना. समोरच्या माणसावर काढावा, तर तो हात जोडून उभा होता.

तेवढ्यात पंकज खाली आला. गुणवंतानेच त्याला निरोप पाठवला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. आईला पाहून तो आधी घाबरला, मग चिडला.

"आई, तू या उन्हात इथं कशाला आलीस? बस बंद झाली, विषय संपला ना?"

"तू डबा खात नव्हता?"

पंकजने चौकीदाराकडे पाहिलं. गुणवंताच्या आता सगळं ध्यानात आलं. तो मान खाली घालून फाटकापलीकडे निघून गेला.

"ऑफिसात सगळे कॅन्टीनला जेवतात, आई. मी एकटा डबा उघडून बसू का? आणि केतकीला ते आवडत नव्हतं. साहजिक आहे. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून खोटं बोलत राहिला?"

"खोटं कधी बोललो मी?" पंकजचा आवाज चढला. "तू रोज विचारायचीस, पोचला का. मी म्हणायचो, पोचला. पोचतच होता ना तो? खाल्ला का, असं तू कधी विचारलंच नाहीस."

आणि हे खरं होतं. बाईंनी एवढ्या वर्षांत एकदाही तसं विचारलं नव्हतं. डबा पोचला म्हणजे पोरगा जेवला, यात विचारायचं काय, असं त्यांना वाटायचं.

पंकज थोडा नरमला. "खरं सांगू आई, बस बंद झाली ते बरंच झालं. तुला कसं सांगावं, मला कळत नव्हतं. आता तूही सुटलीस." त्याने पाकीट काढून रिक्षासाठी नोट पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि निघाल्या. वर जेवून जा, असं पंकज म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तरी त्या गेल्या नसत्या.

घरी आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ज्या चार जणींपुढे सुनेचं कौतुक केलं होतं, त्यांच्यापुढे जाऊन रडायचं? त्या उशिरा उठू लागल्या, कधी चहावरच दिवस काढू लागल्या. पंकजचा एकदा फोन आला. त्याने तब्येत विचारली. बाई म्हणाल्या, बरी आहे.

पंधरवड्याने सकाळी दारात कवडू उभा. गाडी लागायला वेळ होता, तरी तो धापा टाकत आला होता. मागे रस्त्यावर भूपेंद्र मोटरसायकलवर बसून हसत होता.

"काकू, काम झालं. सकाळच्या गाड्यांले परवानगी भेटली. आजपासून छावणीपर्यंत जाऊन राहिलो. सारे लोक तुमचंच नाव घेऊन राहिले स्टँडवर. चला, डबा काढा, मी स्वतः नेतो."

नलिनीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आत चूल थंड होती. त्यांना गुणवंता आठवला. मिरचीसोबत भाकरी खाणारा तो म्हातारा छावणीत उभा राहिला असता, आणि त्याची भूक तरी खरी होती. पण ज्याच्या पथ्यापायी मास्तरांना अळणी वाढलं, त्याच्यासाठी आता जाणूनबुजून चूल पेटवायला हात उचलेना. आणि कवडूला खरं सांगितलं असतं, तर दुपारपर्यंत सगळ्या सौंसरला कळलं असतं की नलिनीबाईंच्या पोराला आईचा डबा नको होता.

"आता नाही लागत रे डबा," त्या म्हणाल्या. "पंकजची बदली झाली."

कवडूचं तोंड उतरलं. "अरे बाप्पा. एवढं करून… कुठं झाली जी?"

"लांब," बाई म्हणाल्या. "तिथं गाडी जात नाही."