माशाचं तेल

तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या मेडिकलात ते दर बाजाराच्या दिवशी यायचे. मेथीच्या जुड्या विकून झाल्या की पायरीवर चप्पल काढायचे, हात धोतराला पुसायचे आणि मगच बीपीच्या गोळ्या हातात घ्यायचे. नाव मी कधी विचारलं नाही, मामाच म्हणायचो.

एकदा माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली बघून म्हणाले, "हृदयाला खरंच चांगलं का हे?"

"डोळे झाकून घ्या, मामा."

"पर माशाचं हाय न्हवं?"

"औषधाला काय होतंय?" मी म्हणालो आणि बाटली त्यांच्या पिशवीत टाकली.

पुढच्या बाजाराला आले तेव्हा गळ्यातली नेहमीची तुळशीची माळ नव्हती. माळ घालून मासा खाणं पटत न्हाई, म्हणून उतरवली, म्हणाले.

वर्षभरानं माझ्याच वाचनात आलं. कुणाला या तेलाचा फायदा दिसला होता, कुणाला काहीच नाही, काहींच्या तर हृदयाच्या ठोक्यांत गडबड आढळली होती. डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. मी मामांना सगळं सांगितलं.

त्यांची बोटं सवयीनं गळ्याशी गेली आणि तशीच खाली आली.

"म्हंजी मोठ्या डॉक्टरांचं अजून ठरायचंय," ते म्हणाले. "तुम्ही मला हितं उभ्या उभ्या ठरवून दिलं."

"माळ परत घाला की, मामा."

"आता कुठल्या तोंडानं?"

बीपीच्या गोळ्यांना ते अजून येतात. चप्पल काढतात, हात पुसतात, जाताना 'येतो' म्हणतात. विचारत मात्र काही नाहीत.