शिसवी कमळाचा साचा

आमच्या जुन्नरातले साचेवाले चाचा माणसांना नावाने नव्हे, दारावरच्या नक्षीने ओळखत. कुणी त्यांच्या लेखी ‘पोपटवाले’, कुणी ‘वेलवाले’. ती चुन्याची नक्षी बहुतेक त्यांच्याच घराण्याच्या लाकडी साच्यांतून निघालेली असे. आमचं घर मातीचं, दारावर काहीच नाही. म्हणून माझ्या वडिलांना ते ‘कोरे भाऊ’ म्हणत. वडील हसत. मला मात्र ते थोडं लागायचं.

साच्याला तिळाचं तेल लावायचं, मळलेला चुना अंगठ्याने दाबून भरायचा आणि नरम असतानाच उलटा करून काढायचा, ही त्यांची रीत. मशिदीची कमान असो की देवळाचं दार, हात तोच. “चुना लोण्यावानी सुटला पायजे,” ते म्हणत. “ओढावं लागलं, की आपलं चुकलं.” सगळ्यात जुना साचा शिसवी कमळाचा, त्यांच्या पणजोबांनी कोरलेला. तो ते कुणाच्याच हाती देत नसत. मुलाच्या, बशीरच्यासुद्धा.

बशीरला सिमेंटचं वेड. चुन्याला आता कुणी विचारत नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. राजुरीच्या एका बागायतदाराच्या नव्या घराचं काम आलं, तेव्हा चाचा तापाने पडून होते. बशीर न विचारता कमळाचा साचा घेऊन गेला, त्यात सिमेंट भरलं आणि सुकायला ठेवून दिलं. पाण्याने लाकूड फुगलं. सिमेंट आत घट्ट बसलं. सकाळी काही केल्या फूल सुटेना.

निरोप आला तशी वडिलांनी बैलगाडी जोडली. चाचा तापातच निघाले; मीही बरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. मालक म्हणाले, “चाचा, साचा काय, दुसरा करता यील. उद्या पावणं येनार, दार बोडकं कसं ठेवू?” चाचांनी बशीरकडे पाहिलं. मग त्यांनीच पटाशी लावून साचा फोडला. फूल अख्खं निघालं.

“अब्बा, चांगलं आलंय ना?” बशीर हळूच म्हणाला.

“लई चांगलं. लाव दाराला. आन् लोकांना सांग, माझा बाप गवंडी व्हता.”

त्यानंतर चाचांनी साच्यांना हात लावला नाही. बशीरशी बोलणंही सोडलं.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून पहिलाच. सुटीत आलो तेव्हा चाचा अंथरुणाला खिळले होते. बशीर म्हणाला, राजुरीच्या फुलावरून मातीचा ठसा घेऊ, मी नवा साचा कोरतो, अब्बांनी एकदा हातात घेतला तरी बास.

ओल्या मातीचा गोळा फडक्यात बांधून आम्ही गेलो. फुलाला हिरवा-तांबडा ऑइलपेंट दिलेला. मालकांनी चहा पाजला, चाचांची चौकशी केली. ठशाचं नाव काढताच म्हणाले, “रंग खराब व्हईल रे बशीर. ऱ्हाऊ दे की. आता कोन लावतंय असली फुलं?”

परत आलो तर चाचा जागे होते. इतक्या दिवसांनी ते बशीरशी आपणहून बोलले.

“फडक्यात काय हाय?”

“काय न्हाई, अब्बा,” तो म्हणाला. “माती हाय.”