नेव ट्रेगेंझाची डावी पोटरी

रोवेनाने नेव ट्रेगेंझाला पहिल्यांदा पाहिलं ते गावच्या मैदानावर, लोकांची बोलणी खाताना. ती नुकतीच मेलबर्नपासून दूरच्या या गव्हाच्या मुलखात पायांचा दवाखाना थाटायला आली होती. गोलच्या खांबांमध्ये पांढरा कोट घातलेला एक किडकिडीत माणूस ताठ उभा होता. इथल्या फुटबॉलमध्ये खांबाला लागलेला चेंडू गोल धरत नाहीत, आणि चेंडू पुसटसा घासून गेला म्हणून त्याने आपल्याच गावाचा गोल नाकारला होता.

"घरी जाऊन चष्मा घेऊन ये, नेव," कुंपणापासून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या बायकोकडे राहिलाय," नेव शांतपणे म्हणाला आणि त्याने गोलची दोन निशाणं न हलवता एका गुणाचं एकच हलवलं.

गाव तो सामना हरलं. संध्याकाळी क्लबात त्याच ओरडणाऱ्याने नेवपुढे बिअरचा ग्लास आणून ठेवला. नेवचा निकाल गावाला आवडत नसे, पण तो खोटा असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. आठवडाभर धान्याच्या कोठारावर काम आणि शनिवारी गोल-पंच, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

काही वर्षांनी, हंगामाच्या तोंडावर, तो तिच्या दवाखान्यात आला. डाव्या पोटरीत गोळे येत होते. मागे सरकताना बूट जमिनीला अडकत होता.

"शनिवारी मला उभं राहता आलं पाहिजे, पोरी. बाकीचं काय मोडायचं ते मोडू दे."

रोवेनाने सुया टोचून बघू म्हटलं.

"काय असतं सुईत?"

"काहीच नाही. कोरडी असते."

"आमच्या मेंढ्यांनासुद्धा औषध भरून टोचतात. मी त्यांच्याहून गेलो का?"

तिने त्याला पालथं झोपवलं. बोटांनी पोटरी चाचपत ताठरलेला पट्टा शोधला आणि केसासारखी बारीक सुई आत सारली. नेमकी जागा सापडली की स्नायू आपसूक एकदा झटकन उडतो आणि मग सैलावतो. तसा तो उडाला.

"बघा, पोटरीने उत्तर दिलं," ती म्हणाली.

नेवला हे फार आवडलं. मग दर खेपेला उशीत तोंड खुपसून तो विचारी, "दिलं का उत्तर?" आणि पोटरी दर खेपेला देई. एक दिवस ठणका राही, मग गोळे थांबत. बूट मात्र अजूनही अडकत होता. थकवा असेल, असं म्हणून रोवेनाने व्यायाम दिले. पोटरी हाताला मऊ लागायला लागली तेव्हा तिला समाधान वाटलं.

अंतिम सामना जवळ आला होता. नेव पालथा पडून संघात कोण असेल, कोण नसेल ते सांगत होता. रोवेनाने अजून सुईचं पाकीट फोडलंही नव्हतं. पोटरी हलत होती. कातडीखाली मुंग्या पळाव्यात तसं काहीतरी बारीक थरथरलं, थांबलं, दुसरीकडे सुरू झालं. मग उजव्या पायातही, ज्याची त्याने कधी तक्रारच केली नव्हती.

नेवलाही ते जाणवलं होतं.

"तू विचारायच्या आधीच ती उत्तर देतेय बघ," तो खुशीत म्हणाला. "फायनलसाठी तयार झाली."

रोवेनाने दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवले. डावी मऊ नव्हती झाली. ती झडली होती. इतके दिवस आपण सैलावतेय, सैलावतेय म्हणत होतो.

तिने त्याला उठवून टाचांवर चालायला सांगितलं. डाव्या पावलाचा चवडा जमिनीवरून उचललाच गेला नाही.

"आज टोचायचं नाही, नेव."

"का, सुया संपल्या?"

"तुम्हाला नसांच्या डॉक्टरकडे जायला हवं. मी आत्ताच चिठ्ठी देते."

"फायनल झाली की जातो."

"आधी जा."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "एवढं वाईट आहे?"

"मला नक्की माहीत नाही. पण मला भीती वाटतेय."

तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. बराच वेळ बांधत होता.

"ऑड्रीला काय सांगू?" त्याने बायकोबद्दल विचारलं.

"खरं ते. मी येऊ का घरी?"

"नको. तू जेवायलाच आलीस असं समजून ती मटण भाजायला घेईल."

मेलबर्नच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, आणि यावर औषध नाही. रोवेनाने त्यांना फोन करून विचारलं, आधी कळलं असतं तर? फार फरक पडला नसता, ते म्हणाले. तिने फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला तिला जरा वेळ लागला.

अंतिम सामन्याला नेव गोलरेषेवर उभा राहिला नाही. उभा राहू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उलट क्लबवाले म्हणत होते, या एका दिवसापुरता उभा राहा. त्याने कोट धुऊन, इस्त्री करून सेक्रेटरीच्या हातात दिला. "चेंडू खांबाशी येईल आणि मी वेळेत पोचणार नाही," तो म्हणाला. "मग अंदाजाने सांगावं लागेल. ते मला जमणार नाही."

आता दोन हंगाम झाले. रोवेना गुरुवारी त्याच्या घरी जाते, पायांची नखं कापते, टाचांना मलम लावते. शनिवारी ऑड्री गाडी मैदानाच्या कुंपणाला लावते आणि नेव पुढच्या सीटवर बसून सामना बघतो. गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजतात. नेवचा हात आता हॉर्नपर्यंत पोचत नाही, त्यांच्या गाडीचा ऑड्री वाजवते.