दोन्ही कडेवर पोरी

पंचवटीच्या बाजारातली ही भाजीवाली टोमॅटो दाबून पाहणाऱ्याचा हात बाजूला सारते आणि स्वतःच निवडून देते. माझी मुलगी गोवराने गेल्यापासून गल्लीत लसीकरण असलं की मी खुर्च्या मांडतो. परवा भर गिऱ्हाइकाची वेळ सोडून ही भाजीवाली नातीला घेऊन तिथे आली.

रांग बघत उभी असलेली तिची शेजारीण हसली. "अगं, हिला गोवर येऊन गेलाय ना? आता सुई कशाला?"

"गोवर गेला, रुबेला कुठं गेलाय? एकाच सुईत दोन्हीची लस हाय. तुझी नात कुठंय?"

"घरी. लय रडते गं."

"रडू दे."

ती नातीला घेऊन तशीच शेजारणीच्या घरी गेली आणि दोन्ही कडेवर दोन पोरी घेऊन परतली. मागून शेजारीण हसत येत होती.

"या बाई कोण?" नर्सने विचारलं.

साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "आमच्या मावशी."