धुऱ्यावरचा रानपिंगळा

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. मला पक्षी लागले. दुर्बीण घेतली, एक पुस्तक अर्धं वाचलं आणि चांदूर बाजारजवळ सासुरवाडीच्या शेतात तज्ज्ञ म्हणून दाखल झालो.

तिथे मेव्हणा धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, कडुलिंब तोडायला निघालेला. ट्रॅक्टर वळवताना आडवा येतो म्हणे. त्याच्या ढोलीत एक पिंगळा, म्हणजे छोटंसं घुबड, राहायचा, आणि मला त्याच्या घराची काळजी. झाडाखाली तुरीचं मळणीयंत्र धडधडत होतं. दुर्बीण लावली आणि दचकलोच. भर दुपारी पक्षी टक्क जागा, डोक्यावर एकही ठिपका नाही.

"हा साधा पिंगळा नाही, रानपिंगळा आहे," मी म्हणालो. "साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, दिवसा तो बहुधा डुलक्या घेतो. आणि हा? शंभरावर वर्षं सगळे समजत होते, संपला. मग सातपुड्यात सापडला. अजूनही धोक्यात आहे. झाडाला हात लावशील तर..." पुढचं पुस्तकाच्या न वाचलेल्या अर्ध्यात असावं.

मेव्हण्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "मेळघाट सोडून इथं कावून आला असन तो?"

"असेल काही काम."

सकाळी दोघं पुन्हा गेलो. मळणी आटोपून यंत्र गेलेलं. पक्षी ढोलीच्या तोंडाशी बसून पिसं साफ करत होता. डोक्यावर तीळ पेरावेत तसे ठिपके. काल त्यांच्यावर तुरीच्या भुशाची धूळ बसली होती. आणि त्या धडधडाटात झोपणार तरी कोण?

मेव्हण्याला सांगावं लागलं. सांगताना कुऱ्हाड कुठे आहे, तेही पाहून ठेवलं.

"म्हंजे साधाच निंगाला."

"साधाच. गावोगावी असतो."

त्याने कुऱ्हाड उचलली. "मंग काय झालं, जवाईबुवा? साध्याले घर नाई लागत काय?" मग ट्रॅक्टरला अडणारी तेवढी एक फांदी त्याने छाटली.

पुढे मेळघाटात खरा रानपिंगळा दिसला. कोवळ्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला, जवळजवळ बिनठिपक्यांच्या तपकिरी डोक्याचा, शेपटी डावी-उजवीकडे झटकत. पाहून ऊर भरून आला. मोठ्या ऐटीत घरी परतलो, तर मेव्हण्याचा फोन.

"ढोलीत पिल्लं हायेत. या पाहाले. पण आधी डोकसं पुसून घेजा त्याईचं, मंगच नाव सांगजा."