ह्यांनी न पाहिलेलं फुलपाखरू

मला अळ्यांची किळस आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी मला निसर्गप्रेमी म्हणेल, आणि त्या शब्दाचाही मला तितकाच तिटकारा आहे.

आमचे हे, म्हणजे राजाभाऊ, दुबईत रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अकाउंट्सला. सफरचंदं, बटाटे आणि गोठवलेले मटार यांच्या संगतीत माणसाने नोकरीचा जन्म काढला. राहायला आम्ही इंटरनॅशनल सिटीत. लग्न झालं तेव्हा हे अगदी नाकासमोर चालणारे होते. ऑफिस, घर, वरणभात, बातम्या. बिघडले ते मारुतीच्या पायी.

मी शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालते. दुबईत किलोकिलोने सोनं मिळतं, पण रुईचं पान विकत मिळत नाही. ह्यांच्या गोदामामागे मात्र वाळूत रुईचं झुडूप आपोआप वाढलेलं, तेव्हा गुरुवारी घरी येताना पानं आणायची हे काम ह्यांचं. काही वर्षं सुरळीत चाललं. मग पानांना भोकं दिसायला लागली. देवाला काय चाळण वाहायची? मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून हे झुडपापाशी उकिडवे बसून पान न् पान निवडायला लागले. एका शनिवारी मी माळ ओवत बसले होते. पानाच्या मागून पट्ट्यापट्ट्यांची एक जाडजूड अळी निघाली आणि माझ्या बोटावर चढली. मी अशी किंचाळले की शेजारच्या मरियमबी लाटणं घेऊन धावत आल्या. त्या रत्नागिरीच्या, संकटाला धावून येणाऱ्या. मी हात झटकला आणि अळी जाऊन पडली थेट मारुतीच्या पायाशी.

ह्यांनी काय करावं? देव्हाऱ्यात वाकून ती अळी उचलली आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. वर रुईची पानं.

"अगं, हिचंच फुलपाखरू होतं."

"होऊ दे. माझ्या श्रीखंडाच्या डब्यात नको."

डबा मी फेकून दिला, पण ह्यांचं वेड काही जाईना. दरवर्षी हिवाळा सरत आला की दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा घेऊन हे त्या झुडपापाशी जाऊन बसायचे. तिथे एक नारिंगी, काळ्या कडांचं फुलपाखरू येतं. ते वर्षातलं पहिलं दिसलं की मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे एकच वाक्य टाकायचे : आज पहिलं दिसलं. फोटो नाही, सुविचार नाही. लोक अंगठे दाखवायचे आणि मागे हसायचे. ह्यांचं नाव त्यांनी पाखरूभाऊ पाडलं होतं. मला लाज वाटायची. एका वर्षी गोदामाचा वॉचमन म्हणाला, साब, आज तितली आयी थी. ग्रुपवर टाका की मग! पण नाही. स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत हे रोज वाळूत बसले आणि मगच लिहिलं. असल्या फालतू गोष्टीत इतका खरेपणा कशाला लागतो, ते मला कधी कळलं नाही.

यंदा थंडी हटेना. मार्च आला तरी पाऊस, रस्त्यांत तळी, बसमध्ये ओल्या मोज्यांचा वास. मरियमबींनी आवरून ठेवलेली रजई परत काढली. आणि नेमकं हेच आमचं शेवटचं वर्ष. नोकरी संपली होती, हिशेब नव्या माणसाच्या हातात सोपवायचे तेवढे राहिले होते, चैत्र संपायच्या आत चिंचवडला कायमचं परतायचं होतं. हे रोज झुडपाकडे जायचे आणि रोज बुटात वाळू घेऊन यायचे. मी दार उघडताच म्हणायचे, "नाही." माझा विचारायचा विचारही नसायचा.

"अहो, साठीचा माणूस झुडपामागे बसतो, पोलीस नेतील एखाद्या दिवशी!"

"एवढं एक बघतो, मग निघू," हे म्हणाले. मी बूट उचलून बाल्कनीत वाळू झटकायला गेले.

मंडळाचा अध्यक्ष दत्तप्रसाद. वय पस्तीस, दाढी कोरलेली, तोंडात साखर. यंदा चैत्राचं हळदीकुंकू आणि ह्यांचा निरोपसमारंभ एकत्र करायचा, बर दुबई भागातल्या एका रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये, असं त्याने ठरवलं. घरी येऊन म्हणाला, "काका, यल्ला, टेन्शन खलास! थीम आहे स्प्रिंग. आपण लाइव्ह बटरफ्लाइज मागवल्यात, बॉक्समध्ये येतात. तुम्ही फक्त स्टेजवर माइक घेऊन तुमचा फेमस डायलॉग म्हणायचा, आज पहिलं दिसलं! लगेच आमची ओवी बॉक्स ओपन करणार."

"डब्यातली?" ह्यांनी विचारलं.

"काका, फुलपाखरू ते फुलपाखरूच. एकेक पीस वीस दिर्हमचा आहे, म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे रुपये. क्वालिटी बघा तुम्ही!"

पीस म्हणाला. मटणाचा म्हणावा तसा.

तो गेल्यावर मीच म्हटलं, "म्हणून टाका. एक वाक्य तर आहे. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, घरी यायचं. कोण बघायला येतंय खरं आणि खोटं?" ह्यांनी चष्मा पुसला.

समारंभाचं काय वर्णन करू? गौर बॅटरीवर झुलणाऱ्या पाळण्यात. आंब्याचा मोहोर प्लॅस्टिकचा. पन्हं बाटलीतलं, वेलचीच्या नावाने बोंब. बाहेर थंडी असताना आत एसी असा सोडलेला की बायका पैठणीवर जॅकेटं घालून बसल्या होत्या. ह्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि माइक द्यायच्या आधीच कुणीतरी घाई केली म्हणून ओवीने डबा उघडला.

काही उडालं नाही. थंडीने गारठलेली ती पाखरं डब्यातच एकमेकांवर पडून होती. एक कसंबसं वर आलं आणि आंब्याच्या डाळीत पडलं.

"बाबा, आर दे स्लीपिंग?" ओवीने विचारलं.

दत्तप्रसादने डबा तिच्या हातातून घेतला, उलटा केला आणि चिवड्याचा चुरा झटकावा तसा बुडावर थापट्या मारून गालिच्यावर रिकामा केला. फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, जरा उचलके हवा में उडाओ ना!" आणि बायकांनी उडवली! माझ्याच मैत्रिणींनी, हळदीकुंकू लावलेल्या हातांनी, अक्षता टाकाव्यात तशी मुठीमुठीने. ती वर जायची आणि पटापट खाली पडायची. लोक हसत होते, गाणं वाजत होतं, एकीच्या सँडलच्या टाचेला पंख चिकटला होता आणि ती पाय घासून तो काढत होती. अळी बोटावर चढली तेव्हा किळस आली म्हणून मी ओरडले होते. इथे ओरडायलाही तोंड उघडवेना.

माइक ह्यांच्या हातात आला. सगळ्यांनी मोबाइल वर केले.

"मला अजून दिसलेलं नाही," हे म्हणाले.

"काका मजाक करतायत!" दत्तप्रसाद हसला. "हबीबी, बोला ना, आज पहिलं..."

"यंदा मला अजून दिसलेलं नाही."

एवढंच. ना भाषण, ना कुणाला दोष. शाल काढून नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला. मग खाली उतरले आणि गुडघे टेकून गालिच्यावरची पाखरं उचलायला लागले. लोकांचे पाय चुकवत. आमचे हे, ज्यांना घरी वाकून चप्पल उचलायची म्हटलं तर कंबर धरते.

मी जागेवरून उठले. माझ्या लग्नाच्या पंचविशीला घेतलेल्या पैठणीचा पदर ह्यांच्यासमोर पसरला आणि मीही उचलायला लागले. त्यांचे ते बारीक पाय बोटांना अडकत होते. शिसारी येत होती. उचलत होते.

घरी आणून बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवली, साखरेचं पाणी दिलं. सकाळपर्यंत सगळी मेली. ह्यांनी त्याच कुंडीत खळगा करून पुरली. तोवर ग्रुपवर व्हिडिओ आला होता. स्लो मोशन, वर गाणं, त्यात ती खरंच उडताना दिसत होती. खाली दत्तप्रसादने लिहिलं होतं, काका जरा इमोशनल झाले. मग अंगठे, हात जोडलेले, फुलं. हे ग्रुपमधून बाहेर पडले. मी मात्र प्रत्येक अंगठा कुणाचा ते नीट बघून ठेवलं.

निघायची तयारी सुरू झाली. तो कढीपत्ता मी दत्तप्रसादच्या बायकोला कबूल केला होता, म्हणून मनात शिव्या देत का होईना, पानं पुसायला घेतली. दिला शब्द पाळायचा, घाण झाड कुणाला द्यायचं नाही. दोनचार पानांवर पक्ष्यांनी घाण करून ठेवलेली. काळपट, मध्ये पांढरी, ओलसर. शी! मेल्यांना बसायला माझीच बाल्कनी सापडते. फडकं ओलं केलं आणि टेकवलं, तर त्या घाणीने डोकं वर केलं, दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि असा काही वास सोडला की मी मागच्या मागे भिंतीला लागले.

"अहो!"

हे धावत आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कुंडीपाशी बसले.

"ही अळी आहे. रुईवरची नव्हे, लिंबा-कढीपत्त्यावरच्या फुलपाखराची. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून अशी दिसते. आणि ही इथे आहे म्हणजे हिची आई येऊन गेली."

"इथे? आपल्या बाल्कनीत? कधी?"

"झाले असतील आठदहा दिवस. मी तिकडे रुईपाशी बसलो होतो ना, तेव्हा."

म्हणजे थंडीत हा माणूस वाळूत बसला होता, आणि जिची वाट बघत होता तिची बहीण इथे, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत येऊन गेली होती. मला हसावं की रडावं कळेना.

"मग आता म्हणा ना, यंदाचं पहिलं आलं म्हणून! मीच कळवते सगळ्यांना."

"आलं असेल. दिसलं कुठे मला?"

इतका राग मला त्या दत्तप्रसादचाही आला नव्हता. "आणि ह्या अळ्यांची फुलपाखरं? आपण जायच्या आत?"

ह्यांनी अळीकडे पाहिलं, मग हॉलमधल्या बांधलेल्या बॅगांकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

मी तिथूनच दत्तप्रसादच्या बायकोला फोन लावला आणि सांगितलं, झाडाला कीड लागली आहे, देता येणार नाही. मग मरियमबींना बोलावलं. त्यांनी नाकाला ओढणी लावली. "या अल्ला, प्रमिलाताई, ही तर निव्वळ घाण आहे!"

"घाणच आहे," मी म्हटलं. "पण पुसायची नाही. पाणी घालायचं, पान तोडायचं नाही, आणि उडेल तेव्हा तुम्ही स्वतः बघायचं."

"इन्शाल्ला," त्या म्हणाल्या, पण ओढणी काही नाकावरून काढली नाही.

त्या दिवशी आमटीची फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी कढीपत्त्यासाठी बाल्कनीकडे वळले. तिथूनच परत आले. तशीच फोडणी डाळीत ओतली. ह्यांनी पहिला भुरका मारला, माझ्याकडे पाहिलं, आणि उभ्या संसारात पहिल्यांदा ती बेचव आमटी पुन्हा मागून घेतली.