बारावा गाळा

शालिकमामा सकाळी नदीवर आले की आधी ओंजळभर पाणी तोंडात घेत, घोळवत आणि थुंकत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत; फोन आला की पिशवीसकट कानाला लावत. फोनवर कधी बसून बोलत नसत. चपला बंधाऱ्याच्या भिंतीवर काढत, तोंडं गावाकडे करून. दोराला गाठ मारली की तिच्यावर दोनदा थाप देत, बैलाच्या पाठीवर द्यावी तशी. हाताखालच्या माणसांना त्यांनी कधी शिवी दिली नाही. लोखंडाला मात्र दिल्या.

हे सगळं सुगतने पहिल्यांदा पाहिलं ते तीन वर्षांपूर्वी. मराठीत एम. ए. करून तो अकोल्यात, जठारपेठेतल्या एका शिकवणी वर्गात शिकवत होता. दिवाळीच्या सुट्टीत तंबू घेऊन पूर्णेकाठी गेला आणि बंधाऱ्याच्या बाजूला त्याने तो ठोकला.

शालिकमामांनी तंबूला एक फेरी मारली.

"काहून गा, घरच्याईनं हाकललं काय तुले?"

"नाही मामा, फिरायला आलो. राहीन दोन दिवस."

"अथी? ड्युटी नसती तं मी बी नसतो आलो अथी." मग कापड चाचपून म्हणाले, "मच्छरदानी बरी हाये. आता आलाच हायेस, तं दोर धर."

सुगतने दोर धरला. दोन दिवसांचे पाच झाले. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही.

बंधारा साधाच. दगडी खांब, खांबांमध्ये बारा गाळे. पावसाळाभर गाळे उघडे. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत लोखंडी पाट्या एकावर एक उतरवायच्या, फटी काळ्या मातीने आणि कुटाराने, म्हणजे पिकाच्या भुशाने, लिंपायच्या. मग पाणी अडतं. गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी गुरंही नाइलाजाने पितात. अडवलेल्या गोड पाण्यावरच उन्हाळा निघतो.

अकरा गाळे शालिकमामा चार दिवसांत बंद करत. बारावा उघडा ठेवत.

"हा का नाही, मामा?"

"खालच्या गावचा डोह भरू दे नं. त्याईच्या आधी आपन दार लावलं, तं मानसं काय म्हनतीन? माणिकबाईचा फोन आला का लावतो."

माणिकबाईचं घर खालच्या गावात, डोहाच्या पायऱ्यांशी. पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं की ती फोन करायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. शालिकमामांचे वडीलही असंच करत.

यंदा सुगतला निघायला उशीर झाला. मंगळवारी शालिकमामांच्या मुलाचा, अमोलचा, फोन आला.

"बाबा गेले. शुक्रवारी. बंधाऱ्यावरच. छातीत कळ आली."

"कोणाचे बाबा?" सुगतने विचारलं.

तो पोचला तेव्हा खांद्यावर तंबू होता. कशाला घेतला ते त्याला सांगता आलं नसतं. बंधाऱ्यावर सात-आठ माणसं उभी होती. बाराव्या गाळ्यातून पाणी चाललं होतं, पण धार बारीक झाली होती.

सरपंच खुशालराव अमोलला म्हणाले, "शालिकनं कधी घाई केली नाई, मले ठाऊक हाये. पन नदी सरून राहिली, बापू. अजून दोन दिवस गेले तं आपल्याले काय उरते? बाईचा निरोप नाई काही नाई. लावून टाक."

अमोल अमरावतीला राजापेठेत दुकानात कामाला. त्याने आयुष्यात एक पाटी उतरवली नव्हती. तो सुगतकडे पाहत राहिला.

"मामांचा फोन कुठे आहे?" सुगतने विचारलं.

"पिशवीतच हाये. बंद पडला."

खुशालरावांच्या जीपमध्ये फोन चार्जिंगला लावला. सुगत बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून राहिला. फोन सुरू झाला आणि पाच मिनिटांत वाजला. अमोलने पाहिलं, घेतला, आवाज मोठा केला.

"शालिक! शनवारपासून फोन बंद येऊन राहिला तुहा. मेला काय गा? गुरुवारी म्हटलं व्हतं नं, दोन बोटं राहिलं म्हून? भरला डोह. तिसरी पायरी बुडाली. आता लाव लवकर, पानी कायले वाया घालवतं?"

अमोलने फोन दोन्ही हातांत धरला.

"आयकू येते का नाई?"

अमोलने फोन सुगतच्या हातात दिला. सुगत उठून उभा राहिला, मग बोलला. दोन वाक्यं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग माणिकबाई म्हणाली, "मंग तुमी लावा, बाबा." आणि फोन ठेवला.

सगळे बाराव्या गाळ्यापाशी गेले. पाट्यांची चळत भिंतीवर रचून तयार होती. वरच्या पाटीच्या एका कडीला दोर बांधलेला होता, गाठ घट्ट. दुसऱ्या कडीतून तो नुसता ओवलेला होता. तिथली गाठ मारायची राहिली होती.